रत्नागिरीचे तीन दिवस

नदीकाठच्या माणसाला समुद्राची ओढ नसते, असा एक समज आहे. कालपरवापर्यंत आम्हांलाही तो खरा वाटत असे. आमचे बऱ्हाणपूर तापीच्या काठी वसलेले. राजघाटावर उभे राहून पैलतीरावरचे जैनाबाद पाहावे, पावसाळ्यात पुराचे पाणी किती पायऱ्या चढले ते मोजावे आणि उन्हाळ्यात किती उतरले ते मोजावे, एवढ्यात आमचा जलविषयक जिव्हाळा आटोपत असे. समुद्र हा भूगोलाच्या पुस्तकातला निळा भाग. गेली तीस वर्षे तो आम्ही मुलांना नकाशावर काठीने दाखवीत आलो. प्रत्यक्ष पाहिला तो मुंबईस कार्यालयीन कामासाठी गेलो असता दोनदा, तोही घाईत.

घरात मात्र एक व्यक्ती अशी होती, की जिने तो घाईतही पाहिला नव्हता. आमच्या मातोश्री. वय अठ्ठ्याहत्तर. माहेर खंडव्याचे, सासर बऱ्हाणपूरचे. जन्म नर्मदा-तापीच्या दोआबात गेलेला. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास पंढरपूरचा.

आमचे वडील नेपानगरच्या कागद गिरणीत नोकरीस होते. देशातील वृत्तपत्री कागद प्रथम जेथे तयार झाला, तीच ही गिरणी. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, त्या आठवड्यातले एक कात्रण वडिलांनी कापून पंचांगात ठेवले होते. "आता गाडी रत्नागिरीपर्यंत जाते," ते आईला म्हणाले होते, "या दिवाळीत जाऊ." आमचे पूर्वज कोकणातले, एवढेच आम्ही ऐकत आलो आहोत. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, त्या सुमारास इकडे आलेल्यांपैकी आमचे एक घर. मूळ गाव कोणते, हे विचारणारेही गेले आणि सांगणारेही गेले. देवघरातला गणपती पुळ्याचा, एवढी खूण मागे राहिली.

ती दिवाळी गेली, तशाच पुढच्या वीसएक दिवाळ्या गेल्या. कधी वडिलांची रजा मंजूर झाली नाही, कधी आमच्या माथी निवडणुकीचे काम आले, कधी जनगणना, कधी परीक्षा, कधी घरातले लग्न. प्रत्येक कारण खरे होते. हीच तर अशा कारणांची मोठी अडचण. खोट्या कारणाची माणसाला लाज तरी वाटते. खऱ्या कारणाच्या आड तो वर्षानुवर्षे निवांत बसू शकतो. पाहता पाहता २०१९ साल आले आणि वडील गेले. कात्रण पंचांगातच राहिले. पंचांग दरवर्षी नवे येई आणि आई ते कात्रण जुन्यातून काढून नव्यात ठेवी. आम्ही ते पाहत असू आणि काही बोलत नसू.

गेल्या पितृपक्षात एका संध्याकाळी आईने विचारले, "अरे, तापी शेवटी कुठे जाते?"

आम्ही शिक्षकी थाटात सांगितले : बैतूल जिल्ह्यातील मुलताईस उगम, लांबी ७२४ किलोमीटर, सुरतेच्या पुढे अरबी समुद्रास मिळते.

"म्हणजे तुझ्या वडिलांच्या अस्थी आता तिथेच असतील."

आम्ही गप्प झालो. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "रत्नागिरीचा समुद्र तोच ना रे?"

"तोच."

"मग एकदा ने मला. त्यांचंही जायचं राहिलं होतं."

शासकीय शाळेची शीतकालीन सुट्टी म्हणजे ३१ डिसेंबर ते ४ जानेवारी, अवघे पाच दिवस. त्यातले जाण्या-येण्याचे वजा करता हाती तीन उरत. आम्ही त्याच रात्री हजेरीपटाचा एक मागील कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा ओढल्या आणि शाळेचे वेळापत्रक करावे तसे प्रवासाचे वेळापत्रक केले. पहिला तास रत्नदुर्ग, दुसरा तास थिबा राजवाडा, मधली सुट्टी, तिसरा तास पावस, मग पूर्णगड, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, वेळणेश्वर, हेदवी, मार्लेश्वर, राजापूर. तीन दिवसांत अकरा ठिकाणे! कागद पाहून आम्हांस स्वतःविषयी आदर वाटला.

सौभाग्यवतींनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "अहो, यात समुद्र कोणत्या तासाला आहे?"

"सगळीकडेच आहे."

"वाटेत दिसेल तो निराळा. आईंना त्याच्यापाशी बसायचं आहे. त्यांना आपल्या जिन्याच्या चौदा पायऱ्या चढायला किती वेळ लागतो, ठाऊक आहे ना?"

आम्हांस ठाऊक होते. मध्ये दोनदा थांबावे लागते. आणि आम्ही त्यांना मार्लेश्वराच्या शेकडो पायऱ्या चढवावयास निघालो होतो! आयुष्यभर आम्ही शिक्षकांना सांगत आलो की वर्गाचा वेग मागच्या बाकावरच्या मुलावरून ठरवा. घरच्या बाबतीत तो नियम आम्हीच विसरलो होतो. कागद उलटला आणि नव्याने मांडणी केली. ज्या वाचकांच्या घरी असा एखादा बेत वर्षानुवर्षे पंचांगात पडून असेल, त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती येथे थोडक्यात देतो.

प्रथम ऋतू. पावसाळ्यात कोकण डोळ्यांना फार सुंदर. परंतु तेथे आमच्या निमाडच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो, समुद्र खवळलेला असतो आणि कोकण रेल्वे त्या काळात निराळ्या वेळापत्रकाने सावकाश चालते. एप्रिल-मे हापूसचा, पण घामाचाही. वृद्ध माणूस बरोबर असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. वर्षअखेरच्या आठवड्यात मात्र किनाऱ्यावर फार गर्दी असते. आम्ही ३१ तारखेच्या रात्री निघालो. म्हणजे लोक परतावयास लागले तेव्हा आम्ही पोहोचलो. गर्दीच्या उलट दिशेने चालण्याचा हा एक साधा उपाय आहे.

दुसरे, गाडी. मुंबईत उतरून गाडी बदलणे मातोश्रींच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ, कल्याण, पनवेल असे करीत कोकण रेल्वेवर येते. भुसावळ आपल्यापासून सुमारे पंचावन्न किलोमीटर. रात्री तेथे चढावे आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीस उतरावे. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. परंतु खालच्या शायिकेसाठी त्यांना राखीव कोटा आहे, तो तिकीट काढतानाच मागावा. आमच्या कन्येने १ नोव्हेंबरच्या सकाळी मोबाइलवर हे सर्व पाच मिनिटांत केले. आम्ही अर्ज भरण्यासाठी शाईचे पेन काढून बसलो होतो. ते तसेच खिशात ठेवले.

तिसरे, निवास. येथे आम्ही फसता फसता वाचलो. एका निवासाची 'खोलीतून समुद्रदर्शन' ही जाहिरात वाचून आम्ही दूरध्वनीवर होकार देणारच होतो. सौभाग्यवतींनी शेजारून खूण केली, "पायऱ्या विचारा." पलीकडचे गृहस्थ फार अगत्याने म्हणाले, "फक्त पन्नास हो!" रत्नागिरी हे सपाटीवरचे गाव नव्हे. ते टेकड्यांच्या चढ-उतारांवर वसलेले आहे. रेल्वे स्थानक शहराबाहेर उंच सड्यावर, वस्ती उतारावर, आणि खाली खाडी व समुद्र. येथे समुद्र दिसावयाचा म्हणजे उंचावर राहिले पाहिजे, आणि समुद्राशी जावयाचे म्हणजे उतरले पाहिजे. तेव्हा खोली ठरविताना चार प्रश्न अवश्य विचारावेत : पायऱ्या किती, गाडी दारापर्यंत येते का, शौचालय खुर्चीच्या पद्धतीचे आहे का, आणि सकाळी सहाला गरम पाणी मिळते का. समुद्र दिसतो का, हा पाचवा प्रश्न. आम्हांस शेवटी भाट्याच्या बाजूला एक तळमजल्यावरची खोली मिळाली. तेथून समुद्र दिसत नव्हता; रात्री ऐकू येत होता.

चौथे, भरती-ओहोटी. तापीकाठच्या माणसाला हे सुचतच नाही. पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते, आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. यासाठी कोकणात एक जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. ज्यांनी लहानपणी पाऊणकीचे पाढे पाठ केले असतील त्यांना कागदही लागणार नाही. त्रयोदशीला तेरा पाऊण पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास भरती, त्यानंतर सहा तासांनी, चारच्या सुमारास ओहोटी, आणि पुन्हा चढते पाणी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी फार वर येते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराची भरती नरम, ती भांगाची. आम्ही पंचांग उघडून पाहिले, तर ३ जानेवारी २०२६ रोजी पौष पौर्णिमा होती. वडिलांचे कात्रण त्याच पानांत होते.

या सर्व विचारानंतर अकरा ठिकाणांची चार झाली आणि तिन्ही संध्याकाळी कोऱ्या ठेवल्या. वेळापत्रकात कोरा तास ठेवणे मुख्याध्यापकाला किती जड जाते, हे त्या जातीच्या वाचकांस सांगावयास नको.

प्रवास सुखाचा झाला. पनवेल मागे पडून उजाडले तेव्हा आई खिडकीशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. "समुद्र केव्हा दिसेल?" हा प्रश्न दर अर्ध्या तासाने येई. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो : रत्नागिरीपर्यंत गाडीतून समुद्र दिसत नाही. मार्ग आतून जातो. दिसतात त्या दऱ्या, नद्या, भातखाचरे आणि बोगदे. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर लांबीचा. तो काळोख संपेपर्यंत आईंचे ओठ हलत होते. बाहेर प्रकाशात आल्यावर म्हणाल्या, "एवढा डोंगर माणसांनी पोखरला! आणि आम्हांला तिकीट काढायला सत्तावीस वर्षं लागली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते.

दुपारी विश्रांती घेऊन पाच वाजता भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनापर्यंत रिक्षा जाते. पुढे भुसभुशीत वाळू. दहा पावलांतच आईंचे पाय रुतू लागले. कन्येने जवळच्या टपरीवरून एक प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली आणि ती ओलसर, घट्ट वाळूवर ठेवली. पाणी अजून पुष्कळ दूर होते.

"एवढ्यावरूनच बघते," आई म्हणाल्या. "पुढं नाही जमायचं."

"आजी, तू बस. पाणी येणार आहे," कन्या म्हणाली. तिने आमच्याकडून पाऊणकी शिकून घेतली होती.

आणि ते आले. त्रयोदशीची चढती भरती. सूर्य खाली जात होता आणि प्रत्येक लाट मागच्या लाटेपेक्षा हातभर पुढे येत होती. अर्ध्या तासाने पहिली लाट आईंच्या पायांना लागली. त्यांनी लुगडे किंचित वर धरले, वाकून ओंजळ भरली आणि डोळ्यांना लावली. कितीतरी वेळ त्या समोर पाहत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या,

"एवढ्या पाण्यात ते कुठे सापडायचे रे?"

आम्हांजवळ उत्तर नव्हते. भूगोलाची पदवी असती तरी नसते. सौभाग्यवती पुढे झाल्या आणि आईंच्या खांद्यावर शाल घातली. खुर्ची चार पावले मागे घेतली. पाणीही चार पावले पुढे आले. अंधार पडेपर्यंत हा क्रम चालला.

दुसरा दिवस गणपतीपुळ्याचा. आरे-वारे मार्गे जावे; रस्ता डोंगराच्या कडेने जातो आणि खाली दोन किनारे पसरलेले दिसतात. पुळ्याचे देवस्थान असे की डोंगरच देव मानलेला, म्हणून प्रदक्षिणा घालावयाची तर सगळ्या टेकडीला घालावी लागते. आई म्हणाल्या, "माझी तू घाल." आम्ही घातली. देवघरातल्या मूर्तीचे मूळ घर पाहून त्यांनी गाभाऱ्यापाशी एवढेच म्हटले, "आलो हो आम्ही." अडीचशे वर्षांचा उशीर तीन शब्दांत आटोपला. येथे एक सावधगिरीची सूचना : पुळ्याचा समुद्र दिसावयास मोहक असला तरी पोहण्यास धोक्याचा आहे. तेथे लोक बुडाले आहेत. उधाणाच्या दिवसांत तर पाण्यात गुडघ्यापलीकडे जाऊ नये आणि मुलांचा हात सोडू नये.

पुळ्याहून जवळच मालगुंड. केशवसुतांचा जन्म १८६६ सालचा, याच गावचा. मराठीत एम.ए. केलेल्या माणसाने तेथे जाऊन काय अनुभवले, हे लिहावयास बसलो तर स्वतंत्र लेख होईल. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने १९९४ साली तेथे स्मारक झाले. आम्ही मराठी शिकलो, आणि हयात हिंदी माध्यमाच्या शाळेत गेली. केशवसुत आमच्या घरात राहिले ते कपाटात. कन्येने तेथील फलक मोठ्याने वाचावयास सुरुवात केली. एका जोडाक्षरावर ती अडखळली, पण थांबली नाही. परतताना आमचा रिक्षावाला म्हणाला, "गुरुजी, तुमची भाषा खानदेशासारखी वाटते, तरी काहीतरी निराळं आहे." आई मागून म्हणाल्या, "बाळ, ती मध्य प्रदेशात मुरलेली आहे." त्याला बऱ्हाणपूरची मावा जिलबी दिली. ती जिलबी काळी का, हे त्याला समजावून सांगण्यात उरलेला रस्ता संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी लोकमान्यांचे जन्मस्थान पाहिले. २३ जुलै १८५६ रोजी ज्या घरात त्यांचा जन्म झाला, ते कौलारू घर. नंतर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी राज्य घेतले आणि १८८६ साली त्याला येथे आणून ठेवले. हा वाडा १९१०च्या सुमारास बांधला गेला आणि १९१६ साली राजा रत्नागिरीतच वारला. तीस वर्षे तो येथे राहिला. वाड्यासमोर उभे राहिलो असता आम्हांस मुमताजमहलची आठवण झाली. तीही १६३१ साली आमच्या बऱ्हाणपुरात वारली आणि तिचा देह काही काळ जैनाबादेस राहून मग आग्र्यास गेला. तिला न्यावयास कोणी तरी आले; थिबाला न्यावयास कोणी आले नाही. पतितपावन मंदिर १९३१ सालचे, भागोजीशेठ कीरांनी बांधविलेले. सर्व जातींना खुले. तेथे दर्शन घेऊन आमचे चार तास संपले. रत्नदुर्ग आम्ही दुरून पाहिला. राहिलेल्या सात ठिकाणांविषयी आता हळहळ वाटत नाही.

संध्याकाळी पुन्हा भाट्ये. पौर्णिमा : पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे साडेपाचला पूर्ण ओहोटी. किनारा दूरवर उघडा पडलेला, वाळू घट्ट आणि ओली. आई म्हणाल्या, "आज खुर्ची नको." एका हाताला सून, एका हाताला नात, अशा त्या पाण्यापर्यंत चालत गेल्या. शंभरएक पावले असतील. मध्ये तीनदा थांबल्या. समोर सूर्य पाण्यात उतरला आणि कन्येने हाक मारली, "आजी, मागे बघ." मागे टेकड्यांवर पूर्ण चंद्र आला होता. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगर, आणि मधल्या ओल्या वाळूवर आमच्या घरची तीन माणसे. आम्ही मागे राहिलो होतो. पाठमोऱ्या आईंचे ओठ दिसत नव्हते, पण त्या कोणाशी तरी बोलत होत्या हे कळत होते. काय बोलल्या, ते आम्ही विचारले नाही.

परतून आता काही आठवडे झाले. प्रवासाचा सगळा हिशेब वहीत उतरविला. वडिलांचे कात्रण आईंनी पंचांगातून काढून आमच्या हाती दिले; "आता तुझ्याकडे ठेव," म्हणाल्या. आम्ही त्यासोबत परतीचे तिकीट टाचून ठेवले. प्रकरण पूर्ण झाले असे समजून आम्ही नस्तीबंद करण्याच्या बेतात होतो.

तोच परवा जेवताना आई म्हणाल्या, "तिथला आंबा मे महिन्यापर्यंत असतो म्हणे?"

सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. वार्षिक परीक्षा, उत्तरपत्रिका, निकालपत्रके, प्रवेश, अशी खरी कारणे रांगेत उभी राहिली. आम्ही त्यांना जागेवर बसविले, भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि मेच्या पहिल्या आठवड्यापासून साठ दिवस मागे मोजले.